भक्ती मला ठाऊक नाही, असं म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

सत्यजित राय यांच्या 'देवी' या सिनेमावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ती मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस मनाशी ठरवलं होतं. घरच्यांनीही 'सोडून दे' म्हणून सांगितलं. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या सुटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की सिनेमाचं साल मी चुकीचं दिलं. लेख उगाच लांबवला. सून दयामयी हिला मी नुसती बिचारी करून ठेवलं, ती नदीकाठावरून माघारी का फिरली याचा विचारच केला नाही. आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत: "ज्यांच्या घरात कधी निरांजन लागलं नाही त्यांनी सासऱ्याला खलनायक ठरवून आम्हाला प्रवचन देऊ नये. भक्ती कशाशी खातात हे आधी शिकावं."

सालाबाबत तुमचं बरोबर आहे. मी १९६२ लिहिलं होतं. त्या वर्षी तो कानच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता, सिनेमा १९६०चा. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार. चूक ती चूक. लेख लांबला असेलही, त्यावर वाद घालत नाही. दयामयीबद्दल म्हणाल तर माझा लेख तिच्या सासऱ्याबद्दल होता, तिच्याबद्दल नव्हता. एका लेखात सगळं येत नाही. तिच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता निरांजनाचं.

तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखत नाही, कारण तुम्ही नाव लिहिलेलं नाही; 'एक साधक' एवढंच लिहिलंय. माझं नाव, गाव, फोटो सगळं या पानावर आहे. समोरासमोर बसलो असतो तर 'कशाशी खातात' ही भाषा तुम्ही वापरली असती का? मला नाही वाटत. लेख पटला नाही, एवढं म्हणायला त्याची गरज नव्हती. माझा मुद्दा खोडायचा होता तर खोडायचा. माझ्या घरात दिवा लागत होता की नव्हता हे तुम्हाला कुठून कळलं? साधक म्हणवणाऱ्याने न पाहिलेल्या घराबद्दल असं बोलावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि 'खलनायक' हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. शोधून पाहा. मी लिहिलं होतं की कालीकिंकर हा त्या घरातला सगळ्यात प्रेमळ माणूस आहे. तुम्ही नेमकं तेच वाक्य गाळलंत.

तुमच्यासाठी नाही तर इतर वाचकांसाठी पुन्हा सांगतो. एकोणिसाव्या शतकातलं बंगालमधलं चंडीपूर. कालीकिंकर जमीनदार, बायको गेलेली, कालीचा निस्सीम भक्त. धाकटा मुलगा उमाप्रसाद कलकत्त्याला शिकतो. त्याची सतरा वर्षांची बायको सासऱ्याचे पाय चेपते, पूजेची तयारी करते, आणि तो तिला 'मा' म्हणून हाक मारतो. बंगालीत सुनेला, लेकीला 'मा' म्हणणं अगदी रोजचं, आपल्याकडे 'बाळ' किंवा 'बाई' म्हणावं तसं. देवीलाही तो 'मा' म्हणूनच हाक मारतो. एका रात्री त्याला स्वप्न पडतं. अंधारात देवीचे तीन डोळे, आणि त्यांच्या जागी हळूहळू सुनेचा चेहरा. सकाळी तो उठतो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवतो. मागोमाग थोरला मुलगा ताराप्रसादही. आणि ती पोर भिंतीकडे तोंड फिरवते, तिच्या पायाची बोटं आत वळतात.

दयामयी झालेल्या शर्मिला टागोर तेव्हा पंधराच्या आसपास होत्या. ती बोटं मी कितीही वेळा पाहू शकतो, आणि प्रत्येक वेळी मला माझं आजोळ नव्हे, माझं स्वतःचं घर आठवतं.

मला हे लिहायचं नव्हतं. मूळ लेखात मी ते मुद्दाम टाळलं होतं. पण तुम्ही घरावरच आलात, तर ऐका.

आमचं गाव वाई तालुक्यातलं. आजोबा काळूबाईचे भक्त. पौष पौर्णिमेला मांढरदेवला चालत जायचे, चप्पल न घालता. संध्याकाळी निरांजन लागल्याशिवाय आमच्या घरात कुणाला चहासुद्धा मिळत नसे. आत्याचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. पहिल्याच नवरात्रात ती माहेरी आली होती, नऊ दिवसांचे कडक उपास धरून. सातव्या माळेला आरती चालू असताना ती घुमायला लागली. वारं आलं म्हणाले सगळे. आजोबांनी भर आरतीत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानंतर ती 'देवीचं झाड' झाली, म्हणजे जिच्या अंगात देवी येते अशी.

तिला न्यायला तिचा नवरा दोनदा आला. दोन्ही वेळा आजोबांनी त्याला जेवायला घातलं, टोपी-उपरणं दिलं, आणि सांगितलं, "देवीला कोण सासरी धाडतं का, जावईबापू?" रागाने नाही, हात जोडून. तिसऱ्या वेळी तो आला नाही. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. आत्या कपाळभर मळवट भरून, मोकळे केस सोडून मंगळवार-शुक्रवार पाटावर बसायची. लांबलांबून बायका ओटी भरायला यायच्या. आजोबांनी त्यातून कधी एक पैसा घरात घेतला नाही, तेही सांगतो. ते ढोंगी नव्हते. तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांची भक्ती मोठी होती. मी त्यांच्या मांडीवर बसून जोगवा ऐकला आहे. मला भक्ती कुणी शिकवायची?

मी नऊ वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला. सहा दिवस ताप उतरेना. आजोबा म्हणाले, घरात प्रत्यक्ष आई बसली असताना डॉक्टर कशाला? आत्याच्या हातचा अंगारा कपाळाला लावायचे, पाण्यात घालून पाजायचे. बाबा तेव्हा साताऱ्याला नोकरीला होते. आईने शेजारच्या पोराकरवी निरोप धाडला. बाबा रात्रीच आले, मला घोंगडीत गुंडाळलं आणि पहाटेच्या यष्टीने साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. निघताना आजोबा दारात आडवे उभे राहिले होते, एवढं मला आठवतं. काय बोलणं झालं ते आठवत नाही. त्यानंतर बाबा ११ वर्षं त्या घराची पायरी चढले नाहीत. चढले ते आजोबांना खांदा द्यायला.

त्या ११ वर्षांत दर पौषात गावाहून एक नारळ आणि अंगाऱ्याची पुडी यायची, यष्टीच्या कंडक्टरबरोबर. बाबा ती न उघडता देव्हाऱ्यामागे टाकून द्यायचे. आई रात्री आम्ही झोपल्यावर ती काढून आमच्या कपाळाला लावायची. सकाळी उशीवर राखाडी डाग असायचा. बाबांना तो दिसत नसेल असं मला वाटत नाही. पण त्या विषयावर आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

तर असं आमचं निरांजन.

हे सगळं जगून मी तो सिनेमा पाहिला आहे, साधकमहाराज. त्यात म्हातारा भिकारी आजारी नातवाला देवळाच्या पायऱ्यांवर आणून ठेवतो, दयामयीच्या पायांचं तीर्थ पाजतात आणि पोर डोळे उघडतं. पाहणाऱ्याला बुद्धिवादी व्हायला सोपं जावं म्हणून ते पोर मारून टाकायची वाट राय यांनी धरली नाही. ते जगतं. तिथूनच सगळा अनर्थ सुरू होतो, कारण आता कालीकिंकरकडे पुरावा आहे. श्रद्धेची टिंगल करणारा दिग्दर्शक असा प्रसंग ठेवील का? कलकत्त्याहून धावत आलेला उमाप्रसाद बापाशी वाद घालतो, तेव्हा बाप त्याला 'पिता स्वर्गः पिता धर्मः' म्हणायला लावतो. मुलगा इंग्रजी शिकलेला, सुधारकांत वावरणारा, आणि तो श्लोक म्हणतो. कालीकिंकर झालेल्या छबी विश्वासांचा चेहरा तिथे पाहा. लेकाला हरवल्याचा आनंद त्यावर नसतो. लेक आपल्यापासून चालला आहे याची भीती असते. माझ्या आजोबांचा दारातला चेहरा असाच होता, असं मला वाटतं.

पुढे घरातलं लहान पोर, खोका, आजारी पडतं. त्याची आई हरसुंदरी हिचा या सगळ्यावर विश्वास नाही, तिला वैद्य हवा आहे. तरी पोर अखेर दयामयीच्या मांडीवर ठेवलं जातं आणि रात्रीत जातं. कालीकिंकर मूर्तीपुढे रडतो. माझा काय अपराध झाला, हे तो देवीला विचारतो. मी मूळ लेखात लिहिलं होतं की या प्रसंगात मला त्याचा राग येत नाही, त्याला जवळ घ्यावंसं वाटतं. हे वाचूनही तुम्हाला 'खलनायक' दिसला. मग तुम्ही लेख वाचला की नुसतं शीर्षक?

हा आरोप काही तुमचा नवा नाही. सिनेमा आला तेव्हाही तो हिंदू धर्माविरुद्ध आहे असं म्हणणारे होते. राय मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मो समाजाच्या घरातले, त्यांना मूर्तिपूजा काय कळणार, असं म्हणणं तेव्हाही सोपं होतं. पण ज्या गोष्टीवरून सिनेमा केला ती बंगाली कथाकार प्रभातकुमार मुखोपाध्याय यांची, आणि तिची कल्पना रवींद्रनाथांनी त्यांना दिलेली. बंगालने स्वतःच्या घरात पाहिलेलं ते दुःख आहे. बाहेरच्याने येऊन लावलेला तो डाग नाही. आणि इथे महाराष्ट्रात, २०१३ साली दाभोलकरांचा खून झाल्यावर जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याला विरोध करताना लोकांनी हेच वाक्य वापरलं होतं: तुम्हाला भक्ती काय कळते? ज्याच्या घरात ती पोर पाटावर बसवली गेली, त्याला कळत नाही तर कुणाला कळते?

थोडं चढ्या आवाजात झालं. झालं ते झालं. पण हे वाक्य मी मागे घेणार नाही.

आजोबा गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली. मळवट गेला, केस पांढरे झाले. दुपारी आईबरोबर गहू निवडत बसायची. एकदा मी आत असताना आईला सांगताना ऐकलं. त्या सातव्या माळेला तिला चक्कर आली होती. सात दिवस पोटात काही नव्हतं, धूप भरला होता, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती हलायला लागली. आई म्हणाली, "मग बोलला का नाहीत वन्सं?" आत्या बराच वेळ गहूच निवडत राहिली. मग म्हणाली, "आण्णा पाया पडले होते. आता त्यांना काय सांगू, चक्कर आली म्हणून? आणि पुढं पुढं बायका बऱ्या व्हायच्या. मलाच कळंना झालं."

उमाप्रसाद तिला घेऊन घरातून पळून जायला निघतो, तेव्हा नदीकाठी नावेत बसायच्या आधी दयामयीला पाण्यात विसर्जित मूर्तीचा सांगाडा दिसतो आणि ती नवऱ्याला म्हणते की मी खरंच देवी असले तर? आणि माघारी फिरते. तुम्ही विचारलं होतं की ती का फिरली, मी त्यावर का लिहिलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं की माझ्याकडे लिहिण्यासारखं होतं. ते त्या लेखात यायला हवं होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. तिच्यावर लिहीन तेव्हा इथेच टाकीन.

बाकी, पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा. कितीही कडक असली तरी ठेवीन. निरांजनाचं वाक्य मागे घ्यायचं असेल तर तेही इथेच, याच लेखाखाली घ्या. माझ्या आईची पंच्याहत्तरी उलटली आहे आणि ती माझे लेख मोबाईलवर वाचते, प्रतिक्रियांसकट.