पुडी टाका, पैसे काढा

पेटीवर 'देवगड हापूस', आत वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेली कार्बाइडची राखाडी पुडी, आणि कापल्यावर कोयीपाशी पांढराफटक, करकरीत गर. यंदाही हीच पेटी घरात आल्यावर वाटलं, आंबेवाल्यांचं काम आणखी सोपं करून द्यावं.

तर शेठ, फळ कोवळंच उतरवा. चौदा आणे तयार व्हायची वाट कोण बघतो? तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो, म्हणून बादली आसपासही ठेवू नका.

मग पुडी. कार्बाइड आणायचं ते वेल्डिंगच्या धंद्यातलंच. फळाच्या ओलाव्यानं त्यातून ॲसिटिलीन सुटतं आणि दोन-तीन दिवसांत साल पिवळीधमक. आत काय चाललंय ते गिऱ्हाईक घरी जाऊन बघेल.

पुड्या बांधायला पोरांना उघड्या हातांनीच बसवा. हातमोज्यांचा खर्च कशाला?

लसणासारखा वास आला तर सांगा, शेजारी लसणाचं दुकान आहे. वास येतो फॉस्फीनचा. या कार्बाइडमध्ये फॉस्फरस असतो, आर्सेनिकचा अंशही असतो. ते फळावर उतरलं तर उतरलं, खाणारी पोरं आपली थोडीच आहेत! गोदाम बंद ठेवा, विडी आतच ओढा. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन साठलं की एक ठिणगी पुरते. आणि एवढा जुगार खेळून मिळतं काय? नुसता रंग! आंब्यात पिष्ट पुरतं भरलेलंच नसेल तर त्याची साखर होणार कशाची? कपाळाची? देठापाशी नाक नेलं तर वास नाही, चव आंबट-तुरट, आणि भाव मात्र हापूसचा.

कोणी विचारलंच तर "गवतातले आहेत, ताई."

पुरे झालं. कार्बाइडनं फळ पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत सरळ बंदी आहे. पिकवायची घाई असेल तर इथिलीन वायू चालतो, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. त्याला बंद खोली लागते, तापमान २० अंशांच्या आसपास, हवेत ९० टक्क्यांवर दमटपणा, आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायची सोय. इथिलीनची पुडीसुद्धा फळाला टेकवायची नसते. हे जमत नसेल तर भाताच्या पेंढ्याची आढी लावा, आठ-दहा दिवस कळ काढा. तेवढंही नको असेल तर आंब्याचा धंदा सोडा.

आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही साव नाही. पाडव्याला पिवळाच हवा, डागाचा नको, एकसारखा हवा, आजच खायचा! म्हणून तर पुडी पडते. सगळी पेटी एकाच रंगाची दिसली तर परत करा. हिरवट, कडक पण भरलेला आंबा घ्या आणि घरी पिकू द्या. खाण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, साल चोखू नका. सापडलेली पुडी ओल्या कचऱ्यात टाकू नका, तिथेही गॅस सुटेल. पेटीचा फोटो काढा, पावती जपा, एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करा. पावती घेतलीच नसेल, म्हणा.