पांढरी ती शंखपुष्पी, निळी ती विष्णुक्रांता? असं नाही

पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. अंगणात जमिनीलगत पसरलेली बारीक फुलांची वनस्पती पांढऱ्या फुलाची असली तर शंखपुष्पी, निळ्या फुलाची असली तर विष्णुक्रांता. वाळवून दुधातून घ्या, स्मरणशक्ती वाढते. सोबत फोटो असतो गोल पानांच्या, पांढऱ्या फुलांच्या गालिच्याचा.

त्या फोटोतली वनस्पती शंखपुष्पी नाहीच. ती इव्हॉल्व्ह्युलस नम्म्युलॅरियस, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. लॅटिनमध्ये नम्मुस म्हणजे नाणं, आणि पानंही तशीच गोलसर. लॉनमध्ये, कुंड्यांत, फुटपाथच्या कडेला ती आता सगळीकडे आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातली शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रॅटस (जुनं नाव प्लुरिकॉलिस). ती कोरड्या जमिनीची, अरुंद केसाळ पानांची; फूल मोठं, नरसाळ्यासारखं, पांढरं किंवा फिकट गुलाबी. शिवाय शंखपुष्पी हे नाव सगळीकडे एकाच वनस्पतीला नाही. केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात, काही ठिकाणी विष्णुक्रांताच. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून काही उपटून खाणं मला धोक्याचं वाटतं.

रंगावरून ओळख पटते, हे तर मुळातच चूक. विष्णुक्रांता (इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस) बहुधा निळी असते, पण पांढऱ्या फुलांचीही सापडते. उलट नर्सरीत ‘ब्लू डेझ’ म्हणून मिळणारी निळी शोभेची वनस्पती इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस आहे, दक्षिण अमेरिकेतली. तिलाही सर्रास विष्णुक्रांता म्हणतात. तिचं फूल जवळपास २ सेंमी रुंद. आपल्या माळावरच्या विष्णुक्रांतेचं जेमतेम १ सेंमी, तेही दोऱ्यासारख्या लांब देठावर.

मग बघायचं काय? आधी फांदी हलकेच उचला. नम्म्युलॅरियसची फांदी सहज उचलली जात नाही, कारण पेरापेराला मुळं धरलेली असतात. विष्णुक्रांतेच्या फांद्या मधल्या एकाच मुळापासून चहूकडे पसरतात, पेरांना मुळं नसतात. पानं लांबट, रेशमी लव असलेली. नम्म्युलॅरियसचं फूल आखूड देठावर पानाच्या बगलेत बसतं.

शंखपुष्पी वेगळी काढायला भिंग लागेल. फुलाच्या मध्यात कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचे बारीक दांडे) मोजा. इव्हॉल्व्ह्युलसमध्ये ते दोन असतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे चार टोकं. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एकच, त्याच्या टोकाला दोन बारीक कुक्षी (पराग धरणारी टोकं). वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ साली विष्णुक्रांता आणि नम्म्युलॅरियस या दोघींना कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्येच घातलं होतं. १७६२ मध्ये त्याने त्या इव्हॉल्व्ह्युलस या वेगळ्या प्रजातीत नेल्या. या नावातच ‘उलगडणं’ आहे, कारण या वेली आधाराला वेटोळे घालून चढत नाहीत.

कुणाकडून ओळख करून घ्यायची असेल तर सकाळी फोटो काढा, दुपारनंतर फुलं मिटतात. फुलासोबत पेराचा खालचा भागही त्यात येऊ द्या.