विमानाला रिझर्व्हचा कॉक नसतो

सकाळी साडेसहाला ताईचा फोन. भाची फ्लोरिडात विमान चालवायला शिकतेय, आणि ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लांबलचक मेसेज ढकललाय. त्याचं सार असं : छोट्या विमानातलं इंधन संपूच शकत नाही, अर्ध्या तासाचा रिझर्व्ह वेगळा असतो, तरी अपघात झालाच तर यंत्राचा बिघाड, नाहीतर शिकाऊ पोरांची चूक, इंधनाचा काटा खोटाच असतो, बघू नये, आणि इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली. "परत बोलावू का रे तिला?" ताई विचारत होती.

आधी तो रिझर्व्ह. जुनी स्कूटर आचके देऊ लागली की आपण खाली हात घालून कॉक फिरवायचो, तेच काकांच्या डोक्यात बसलंय. अमेरिकेच्या नियमातला अर्धा तास (रात्री पाऊण) हा निघण्याआधीचा हिशोब आहे : मुक्कामी पोचून वर एवढं उडता येईल इतकं इंधन घ्या. टाकी तीच. समोरून वारा लागला की तो अर्धा तास वाटेतच जळतो. विमानात कॉक असतो, पण तो डाव्या पंखातली टाकी की उजव्या, हे ठरवणारा. सेसना १७२ या छोट्या विमानात 'दोन्ही'ची सोय आहे. पायपर चेरोकीत नाही, घड्याळ बघून हातानं बदलायचा. विसरलात तर एक पंख भरलेला असतानाही इंजिन बंद.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात असाच गेला. विमान घरगुती बांधणीचं, कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे. निघताना त्यानं इंधन भरलं नाही. हवेत मागे वळून कॉक फिरवताना विमानाचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष आहे. तो शिकाऊ नव्हता, २७०० तासांहून जास्त उडालेला होता.

'बिघाड, नाहीतर शिकाऊ पोरं' यावर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचा, एनटीएसबीचा, २०१७ चा इशाराच वाचावा. २०११ ते २०१५ मध्ये इंधनाच्या गफलतीनं वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात. त्यात यंत्राचा दोष सुमारे ५ टक्के. शिकाऊ वैमानिक २ टक्के! जवळजवळ निम्मे व्यावसायिक किंवा त्यावरच्या परवान्याचे.

काट्याचं म्हणाल तर काका अर्धे बरोबर आहेत, नाइलाजानं कबूल करतो. जुन्या विमानांचे काटे बेभरवशाचे असतात. पण म्हणून बघू नये? भाचीनं मागे व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं : पंखाशी शिडी लावून चढली, झाकण उघडलं, खुणा केलेली नळी टाकीत बुडवली, वरून बोटानं दाबून बाहेर काढली. आत निळसर पेट्रोल, खुणेशी टेकलेलं. तो आकडा वहीत, मग काट्याशी ताळा. दोन्ही जुळेनात तर ती उडत नाही.

दगडाचं तर सोडाच. सेसना १७२ इंजिनाशिवाय हजार फूट उंचीमागे अडीचेक किलोमीटर तरंगत जाते. उतरायला बरी जागा मिळेलच असं नाही, एवढंच.

तर ताई, पोरीला बोलावू नकोस. हे त्या ग्रुपवर टाक आणि काकांना विचार, ती नळी त्यांनी शेवटची कधी बुडवली होती.