'सगळे मेल डिलीट करा' म्हणणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

'ई-मेल वापरण्याचे 5 नियम' असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होते. पण निफाडच्या मामांनी तो वाचून खरंच मेल उडवायला सुरुवात केली म्हणून आता लिहावंच लागतंय. मेसेज थोडक्यात असा: 1) जुने सगळे मेल डिलीट करा, ट्रॅशही रिकामा करा, मोबाइल फास्ट होतो, काही लागलं तर कंपनी परत पाठवते. 2) अर्काइव्ह केलं की जागा मोकळी होते. 3) नको असलेल्या प्रत्येक मेलमधलं अनसबस्क्राइब दाबा. 4) प्रत्येक विषयाचं वेगळं फोल्डर करा. 5) झोपण्याआधी इनबॉक्स शून्य झालाच पाहिजे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. मामांची द्राक्षबाग आहे, माल एक्स्पोर्टला जातो. त्यांच्या मेलमध्ये काय काय आहे बघा: लॅबचे रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिला ते सांगणारे), प्लॉटच्या नोंदणीचे कागद, औषधांची बिलं, आणि मुख्य म्हणजे एक्स्पोर्टरने किलोला काय भाव ठरवला, किती गाड्या उचलणार, पैसे कधी देणार हे लिहिलेले मेल. उद्या हार्वेस्टिंगच्या दिवशी कुणी मण्याची साइज कमी आहे म्हणत भाव पाडला किंवा पैसे अडकवले तर शेतकऱ्याच्या हातात दुसरं काय असतं? बोलणं फोनवर होतं, ते हवेत विरतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालापासून इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला मान्यता देतो, त्यामुळे तो साधा दोन ओळींचा मेलसुद्धा पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो. आणि 'कंपनी परत पाठवते' म्हणे! बँकेचं स्टेटमेंट परत काढता येतं, इन्कम टॅक्स रिटर्नची पावती पोर्टलवर मिळते, हे मान्य. पण ज्याच्याशी भांडण आहे तोच माणूस त्याच्या विरोधातला मेल तुम्हाला परत पाठवणार आहे का? मामांचा ट्रॅश रिकामा करायचा राहिला होता म्हणून सगळं परत आणता आलं. जीमेलच्या ट्रॅशमधले मेल 30 दिवस राहतात, पण तो आपणच रिकामा केला की आपल्या हातात काही उरत नाही.

बरं, त्याने मोबाइल फास्टही होत नाही. मेल गूगलच्या सर्व्हरवर असतात, फोनवर फक्त अलीकडच्या दिवसांचे उतरतात. जागेचं म्हणाल तर गूगलच्या स्वतःच्या हेल्प पेजवर स्वच्छ लिहिलंय की फुकटचे 15 जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. साध्या मजकुराचा मेल काही केबींचा असतो, असे हजारो उडवले तरी फरक पडत नाही. जागा खातात लग्नाचे व्हिडिओ, मोठे अटॅचमेंट, आणि अँड्रॉइडवर 2024 पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच 15 जीबीत मोजला जातो, म्हणजे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ साठवायचे आणि रेसिड्यू रिपोर्ट उडवायचे, असला हा सल्ला! 15 जीबी भरले की नवे मेल येणं बंद होतं, ही भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, सर्चच्या पट्टीतल्या फिल्टरमध्ये साइज 10 एमबीपेक्षा जास्त टाका, जे दिसतील ते एकेक बघून नको ते काढा.

अर्काइव्हने जागा मोकळी होत नाही. मेल इनबॉक्समधून बाजूला होतो आणि 'ऑल मेल'मध्ये राहतो, जागा तेवढीच धरून. पण खरं तर मेसेजच्या पहिल्या नियमाऐवजी हेच करायला हवं, नजरेसमोरून गेला आणि सर्च केला की सापडला.

अनसबस्क्राइबचं अर्धं बरोबर आहे, तेवढं देते. ज्या दुकानाला, ॲपला आपणच मेल आयडी दिलाय त्याचं जरूर दाबा. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने 2024 मध्ये जाहिरातीच्या मेलसाठी एका क्लिकचं अनसबस्क्राइब सक्तीचं केलंय, ते बटण जीमेल वरतीच, पाठवणाऱ्याच्या नावापाशी दाखवतं. पण 'केवायसी संपली', 'लॉटरी लागली' असल्या मेलच्या आतली कुठलीच लिंक दाबायची नाही, अनसबस्क्राइबचीसुद्धा नाही. दाबलं की समोरच्याला कळतं हा पत्ता चालू आहे. तिथे फक्त 'रिपोर्ट स्पॅम'. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन.

फोल्डरचं ठीक आहे पण वीस-पंचवीस करू नका, सापडणं अजून अवघड होतं. जीमेलमध्ये लेबल असतात, एकाच मेलला दोन लावता येतात. मामांना आम्ही बाग, बँक, विमा एवढीच करून दिली आणि एक्स्पोर्टरच्या पत्त्यावर फिल्टर लावला, त्याचा मेल आला की आपोआप 'बाग'मध्ये दिसतो.

इनबॉक्स रोज शून्य करायचा हट्ट कुणाला झेपत असेल तर करा, नाही झाला तरी काही बिघडत नाही. मात्र हा मेसेज वाचून कुणी मेल उडवले असतील तर आजच ट्रॅश उघडून बघा, लागणारे मेल सिलेक्ट करून 'मूव्ह टू इनबॉक्स' करा, आणि ते होईपर्यंत 'एम्प्टी ट्रॅश'ला हात लावू नका.