‘भाव पडलेत, आत्ताच घेऊन टाका’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

घरविक्री मंदावल्याच्या बातम्या येऊ लागल्या की सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे शब्द दरवेळी थोडे बदलतात, आशय मात्र तोच असतो. जमीन मर्यादित आहे, त्यामुळे पडलेले भाव वर्ष-दोन वर्षांत परत वर जाणारच. भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, तर हप्ता म्हणजे स्वतःच्या घरात घातलेले. वर प्राप्तिकरात सूट मिळते. कर्जाचे व्याजही सध्या उतरले आहे. बिल्डर अडचणीत असल्यामुळे ताबा मिळेपर्यंत हप्ता तोच भरतो. आणि रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आल्यापासून फसवणुकीची भीती उरलेली नाही. तेव्हा थांबू नका, तळ एकदाच येतो, असा त्याचा शेवट असतो. मुंबई-पुण्यात पहिले घर घेऊ पाहणाऱ्या पगारदार माणसाला हा सल्ला दिला जातो, म्हणून त्याच माणसाच्या हिशेबाने तो तपासायला हवा. घर घेऊ नये असे मला म्हणायचे नाही. भाव पडत असणे हे घर घेण्याचे कारण होऊ शकत नाही एवढेच माझे म्हणणे आहे, कारण या संदेशातली बहुतेक विधाने भाव वाढत असतील तरच खरी ठरतात.

सुरुवात जमिनीपासून करू. जमीन मर्यादित असते हे खरे आहे, पण आपण विकत घेतो ती जमीन नसते, तर तिच्यावर बांधलेली सदनिका असते, आणि एका भूखंडावर किती सदनिका उभ्या राहतील हे चटईक्षेत्र निर्देशांक आणि पुनर्विकासाचे नियम ठरवतात. चार मजल्यांची इमारत पाडून तिथे वीस मजले चढतात तेव्हा जमीन तेवढीच राहते आणि घरे कितीतरी पटींनी वाढतात. शिवाय जमिनीची टंचाई भाव धरून ठेवत असती, तर जपानइतका सुरक्षित बाजार जगात दुसरा सापडला नसता. तिथल्या मोठ्या शहरांत १९९१ नंतर जमिनीचे भाव जे उतरू लागले ते जवळजवळ दीड दशक उतरतच राहिले.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास नरिमन पॉइंटची कार्यालयीन भाडी जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांमध्ये गणली जात होती. १९९५ नंतर मुंबईतले भाव घसरू लागले आणि घसरण व मरगळ मिळून हा काळ नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षे उलटेपर्यंत टिकला. ‘मुंबईत भाव कधी पडतच नाहीत’ असे ठासून सांगणारे बहुधा त्यानंतर बाजारात आलेले असतात. उलट उदाहरणही आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २००८च्या जागतिक अरिष्टानंतर मुंबईत भाव खाली आले, पण ते इतक्या लवकर सावरले की ‘अजून पडतील’ म्हणून थांबलेल्यांना २०१० मध्ये जास्त मोजावे लागले. म्हणजे पडलेले भाव कधी वर्षभरात सावरतात, तर कधी सात-आठ वर्षे सावरत नाहीत. पडझडीच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला यांपैकी कोणते घडणार हे कळत नाही, आणि संदेश लिहिणाऱ्यालाही ते कळलेले नसते.

त्यातच आपल्याकडे भाव पडले आहेत की नाहीत हेच नीट कळत नाही. नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी, मे २०१७ मध्ये लागू झालेला रेरा, त्याच वर्षी जुलैमध्ये आलेला जीएसटी आणि २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यानंतर बिल्डरांना आटलेला वित्तपुरवठा, या सगळ्या काळात जाहिरातीतला दर फारसा हलला नाही. महागाई वाढत राहिली आणि दर जागच्या जागी राहिला, म्हणजे खऱ्या अर्थाने घर स्वस्त झाले. दर उघडपणे उतरवणे बिल्डरला परवडत नाही, कारण आधी जास्त दराने घेतलेले ग्राहक विक्री कार्यालयात येऊन जाब विचारतात. म्हणून तो दर तोच ठेवतो आणि मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, पार्किंग फुकट देतो, वरच्या मजल्यासाठीचा ‘फ्लोअर राइज’ सोडून देतो किंवा गुढीपाडव्याला मॉड्युलर किचन देऊ करतो. हातात आलेल्या कॉस्ट शीटवरचा पहिला आकडा सोडून अगदी तळाची बेरीज पाहावी ती यासाठी.

नोंदला गेलेला भाव पाहायचा असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची सोय आहे. त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहाराचा ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचा सारांश, उघडला की त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने दिसतात. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या, दराने निघालेले मूल्य. बिल्डरने दिलेल्या सवलती यात दिसत नाहीत, तरीही दलालाच्या तोंडी आकड्यापेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा असतो. पडत्या बाजारात हे दोन रकाने एकमेकांच्या जवळ येऊ लागतात आणि तिथे एक अडचण दडलेली असते. प्रत्यक्ष किंमत रेकनरच्या मूल्याखाली गेली तरी मुद्रांक शुल्क वरच्या आकड्यावरच द्यावे लागते, आणि हा फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तेवढी रक्कम प्राप्तिकर कायद्याने खरेदीदाराचे उत्पन्न समजली जाऊ शकते. स्वस्तात मिळालेल्या घरावर कर भरावा लागतो, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल याची मला शंकाच आहे.

आता भाडे आणि हप्ता. हे विधान सर्वांत जास्त लोकांना पटते, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. पुण्यातली ७५ लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका धरू. बँक ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ६० लाख, आणि १५ लाख खिशातून घालावे लागतात. त्याशिवाय पुण्यात पुरुष खरेदीदाराला सात टक्के मुद्रांक शुल्क पडते, म्हणजे सव्वापाच लाख, नोंदणी फीचे तीस हजार वेगळे, आणि पाच टक्के जीएसटीचे पावणेचार लाख. हे ९ लाख ३० हजार रुपये मोठ्या कर्जांत बँक किमतीत धरत नाही, त्यामुळे तेही खिशातूनच जातात, आणि उद्या घर विकले तर परत मिळत नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी एकूण २४ लाख ३० हजार रुपये गुंतले.

साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता साधारण ५२ हजार बसतो. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते साडेनऊ हजारांच्या आसपास. पाच वर्षांत बँकेला ३१ लाखांहून अधिक रक्कम दिल्यावर कर्ज ६० लाखांवरून जेमतेम ५३ लाखांवर येते. भाडे पाण्यात जात असेल तर व्याजही त्याच पाण्यात जाते, आणि पहिल्या वर्षांत ते जास्त जाते. असे घर भाड्याने घ्यायचे तर महिना २१ हजारांच्या आसपास मिळू शकते, कारण आपल्या महानगरांत घराच्या किमतीच्या तुलनेत वार्षिक भाडे तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरातच राहिलेले आहे.

सगळे एकत्र धरले तर पहिल्या वर्षी व्याजाचे पाच लाख, गुंतलेल्या २४ लाखांवर मुदत ठेवीत मिळाले असते असे दीड लाखाहून अधिक व्याज, आणि सोसायटीचा देखभाल खर्च व मिळकतकर मिळून अर्धा लाख, असे सात लाख होतात. भाड्याचे अडीच लाख वजा केले तर मालकीसाठी मोजलेली जादा रक्कम साडेचार लाखांच्या वर जाते, म्हणजे घराच्या किमतीच्या सहा टक्के. घराचा भाव दरवर्षी सहा टक्के वाढला तर खरेदीदार आणि भाडेकरू बरोबरीत सुटतात, त्याहून अधिक वाढला तर खरेदीदार पुढे जातो. गेल्या पिढीचे जे भले झाले ते या वाढीने झाले. भाव पडत असताना हाच आधार निघून जातो, आणि संदेश मात्र तो आधार आहे असे गृहीत धरूनच बोलत राहतो. पुढे व्याज उतरत जाते आणि भाडे चढत जाते, त्यामुळे ही तफावत दहा-बारा वर्षांत बरीच कमी होते हे मान्य करायला हवे. पण त्याचा अर्थ एवढाच की जो दहा-बारा वर्षे तिथे राहणार आहे त्याला हा हिशेब हळूहळू अनुकूल होतो.

जो राहणार नाही त्याचे काय होते तेही पाहू. पाच वर्षांनी नोकरीमुळे बंगळूरला जावे लागले आणि दरम्यान भाव २० टक्के खाली आला असेल, तर घर ६० लाखांना विकले जाईल. ५३ लाखांचे कर्ज फेडून हातात सात लाख राहतील, त्यातून दलालीही जाईल. सुरुवातीचे १५ लाख, शुल्क आणि कराचे ९ लाख आणि फेडलेले सात लाख मुद्दल, असे ३१ लाख घालून हाती सात लाख येतात. व्याज तर यात धरलेलेच नाही. किमतीत वीस टक्के घट झाली की खरेदीदाराची स्वतःची सगळी अनामत, म्हणजे सुरुवातीचे १५ लाख, बुडते, कारण कर्ज काही घटत नाही. भाडेकरूलाही त्रास असतो. लीव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपले की भाडेवाढ, घरमालकाचा मुलगा परदेशातून परतला की सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा बदलण्याची धास्ती, हे सारे खरे आहे आणि त्यासाठी कोणी जादा पैसे मोजत असेल तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. फक्त ते स्थैर्याचे मोल आहे हे त्याने जाणून मोजावे, गुंतवणूक समजून नव्हे.

करसवलतीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजासाठी दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून जुनी प्रणाली मुद्दाम निवडली नाही तर नवीच लागू होते. ज्याच्यावर बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नामुळे नव्या प्रणालीत कर लागतच नाही, त्याला घरकर्जावर वाचवण्यासारखे काही उरलेले नाही. जुन्या प्रणालीतही पाच लाख व्याज भरून दोन लाखांवरचा कर वाचतो, एवढेच.

व्याज उतरल्याचा आनंदही बेताने मानावा. घरकर्ज बहुधा तरत्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या, दराचे असते. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, चार टक्क्यांवर आला तेव्हा अनेकांनी हाच सल्ला ऐकून कर्जे घेतली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्के झाला होता. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली. वीस वर्षांच्या कर्जाचा निर्णय आजच्या दरावर न घेता दोन टक्के जास्त दराने हप्ता झेपेल का, यावर घ्यावा.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनेत कर्जदार तुम्ही असता, बिल्डर नसतो. तो व्याज भरायचा थांबला तर बँक तुमच्या दारात येते आणि पतमानांकनही तुमचेच घसरते. बांधकामाच्या टप्प्यांशी न जोडता रक्कम आधीच बिल्डरला देऊ नये असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. आणि दिल्ली परिसरातल्या अशाच कर्जांत अडकलेल्या ग्राहकांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सीबीआयला चौकशी करायला लावली. इतके होऊनही ही योजना नव्या नावाने परत येते, आणि ती नेमकी मंदीतच येते, कारण बिल्डरला तेव्हाच रोकड हवी असते.

रेराने फरक पडला आहे हे नाकारता येणार नाही. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. मात्र आदेश मिळणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, आदेशानंतरही बिल्डरने रक्कम दिली नाही तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, महसुली थकबाकीप्रमाणे करावी लागते, आणि ज्या कंपनीकडे विकण्यासारखे काही शिल्लक नाही तिच्याकडून ते कार्यालयही काय वसूल करणार? नोएडातल्या आम्रपाली या बिल्डर समूहाची रेरा नोंदणी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि अपुरी बांधकामे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवले. हजारो कुटुंबे तोवर भाडे आणि हप्ता दोन्ही भरत राहिली होती. बिल्डर बुडण्याची शक्यता भाव पडत असतानाच सर्वांत जास्त असते.

म्हणून पडत्या बाजारात घ्यायचेच असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन राहण्याची परवानगी, मिळालेले घर घ्यावे. त्यावर जीएसटी लागत नाही, म्हणजे वरच्या उदाहरणातले पावणेचार लाख तिथेच वाचतात, आणि जे घेतो ते डोळ्यांसमोर उभे असते. त्या शहरात किमान दहा वर्षे राहायचे पक्के असेल, अनामत भरूनही सहा-आठ महिन्यांचे हप्ते बाजूला उरत असतील आणि दोघांपैकी एकाचा पगार थांबला तरी हप्ता चुकणार नसेल, तर त्या कुटुंबाने तळाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दोन-चार टक्के इकडेतिकडे झाल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. पडलेल्या बाजाराचा उपयोग त्यांनी घासाघिशीसाठी करावा. बिल्डर मुद्रांक शुल्क भरतो, किचन देतो म्हणाला तर त्या सगळ्याची किंमत करून तेवढी रक्कम करारातल्या मोबदल्यातून कमी मागावी, आणि ‘ही ऑफर रविवारपर्यंतच आहे’ असे विक्री कार्यालयातून सांगण्यात आले तर खुशाल सोमवारी जावे.