उंदरांनीही खोली सोडली

"दोन हजार वर्षं!" बापूंनी चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला. "दोन हजार वर्षं उभी आहेत रोमन घरं. आणि आपली बिल्डिंग? पहिल्याच पावसात जिना गळतो."

फोन अर्थातच हातात होता. तोच फिरता मेसेज: रोमन काँक्रीटमध्ये चुन्याची ढेकळं असतात, म्हणून ते आपले तडे आपणच बुजवतं, वगैरे.

"बापू, संशोधकांनी तपासलेला तो नमुना इटलीतल्या प्रिव्हर्नम या जुन्या गावाच्या गावकुसाचा होता," मंजिरी म्हणाली. "तटाचा. कुणाच्या बेडरूमचा नव्हे."

"भिंत ती भिंतच."

"आणि पॉम्पेई शहर टिकलं ते इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं म्हणून. बरणीतली कैरी वर्षभर टिकली, तर शाबासकी आंब्याच्या झाडाला द्यायची का?"

कुलकर्णी सर हसले. पण रोमन घरातल्या चौकाबद्दल त्यांना गप्प बसवेना. "एट्रियम, म्हणजे घरातला चौक, मात्र मान्य करावं लागेल. चारही बाजूंचं छप्पर आत उतरतं. सपाट कौलं, त्यांच्या सांध्यांवर नळीची कौलं. मधल्या मोकळ्या जागेतून पाणी खाली उथळ हौदात. हौदाला दोन वाटा. एक जमिनीखालच्या टाक्यात जाते, दुसरी रस्त्यावर. टाक्याच्या तोंडावर दगडी कठडा, तिथून बादलीने शेंदायचं."

"वाडाच की!" बापू.

"वाड्यातसुद्धा पन्हळ तुंबली की काय होतं?" शिरीष म्हणाला. रंग-गिलाव्याची कामं घेतो, त्यामुळे त्याचं लक्ष आधी ओलीकडे.

"तेच रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस लिहितो," सर म्हणाले. "छपराचा उतार बाहेर काढला तर जेवणघरात उजेड छान येतो, पण भिंतीलगतच्या नळांना पाणी झेपत नाही. ते तुंबून उलटतं आणि लाकूडकाम, भिंती दोन्ही खातं."

"सर, पण हा चौक होता कुणाकडे?" मंजिरीने मुद्दा ओढून आणला. पॉम्पेईतला 'फॉनचं घर' नावाचा वाडा एकटाच सुमारे 3000 चौरस मीटर, चार रस्त्यांमधला अख्खा ठोकळा. रोममध्ये मात्र बहुतेक माणसं भाड्याने, माडीवर माडी चढवलेल्या इमारतींत. "पॉम्पेईच्या भिंतीवर जाहिरातच आहे. 1 जुलैपासून पोटमाळ्यासह दुकानं, वरच्या खोल्या आणि एक घर भाड्याने देणे आहे. मालक निगिडियस मायस. चौकशी त्याचा गुलाम प्रिमस याच्याकडे."

"म्हणजे एजंट!" शिरीष खूश. "दोन महिन्यांचं ब्रोकरेज घेत असणार."

"गुलामाला कसलं ब्रोकरेज?"

"मग तर मालकाची मज्जाच."

बापू मागे हटणारे नव्हेत. बापूंचा अभ्यास म्हणजे आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी दोनदा वाचणे. "पण अंडरफ्लोअर हीटिंग होतं की नाही? विटांचे छोटे खांब, त्यावर दोन फुटी लाद्या, खालून गरम हवा."

"होतं. हमामात. शहरात घराघरांत होती शेगडी," मंजिरी म्हणाली. "लाकडी तक्तपोशी, वर शेगडी आणि बाजूला कुडाची भिंत. पुढचं मी सांगायला हवं का?"

कुडावर ती पाच मिनिटं बोलली, आणि ते ऐकण्यासारखं होतं. कायद्याने सार्वजनिक जागेला लागून असलेली भिंत दीड फुटापेक्षा जाड बांधता येत नव्हती. तेवढ्या कच्च्या विटेवर एकच मजला तरतो. वर चढायचं तर हलकं काहीतरी हवं, म्हणून लाकडी चौकटीत काठ्या विणून माती थापायची. स्वस्त, झटपट, जागाही कमी खाते. हर्क्युलेनियममध्ये असं एक घर अजून बघायला मिळतं. पण ओला गिलावा चढला की लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं, आणि गिलावा तडकतो. जोतं उंच घेतलं नाही तर खालची टोकं कुजतात, चौकट पुढे झुकते. व्हिट्रुव्हियस म्हणतो, ही मशालीसारखी पेटते, हिचा शोधच लागला नसता तर बरं झालं असतं.

"सरकार काय करत होतं?" बापूंचा ठेवणीतला प्रश्न.

"सम्राट ऑगस्टसने इमारतींची उंची 70 फुटांवर आणली, पुढे सम्राट ट्रेजनने 60 वर. मध्ये इ. स. 64 ची रोमची आग, मग सम्राट नीरोचे नियम: दोन घरांत सामाईक भिंत नको. वरच्या मजल्यावर पाणी नाही, संडास नाही, भांडं खिडकीतून रिकामं. त्यावरही कायदा होता. नुकसान झालं तर दुप्पट भरपाई, स्वतंत्र माणूस मेला तर 50 सोन्याची नाणी. टाकलं कुणी हे शोधत बसायचं नाही, खोलीत राहतो त्याने भरायचं."

"हा नियम आपल्या सी विंगला लावा," शिरीष म्हणाला. सी विंगमधले बापू आभाळाकडे बघू लागले.

विषय बदलावा म्हणून ते रंगांवर घसरले. पॉम्पेईचा लाल म्हणे आजही तसाच.

"हिंगुळाचा लाल उन्हात काळा पडतो, बापू," शिरीषने जुना हिशेब काढला. "फाबेरियस नावाच्या लेखनिकाने रोमच्या अॅव्हेंटाइन टेकडीवरच्या घरात चौकाच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या. तीस दिवसांत डाग पडले. पुन्हा कंत्राट, दुसरे रंग. तो टिकवायचा तर वाळल्यावर मेण थोड्या तेलात वितळवून लावायचं, निखाऱ्यांची धग देऊन जिरवायचं, मग कापडाने घोटायचं. हे न करता गेट लाल करा म्हणून कोण अडून बसलं होतं?"

"ते... ठराव झाला होता."

"एका मताने. तुमच्या."

सरांनी बापूंना हात दिला. 1938 साली पॉम्पेईत वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

"म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं!" बापू उजळले.

"मूर्ती गेली असेल," मंजिरी म्हणाली. "चौथ्या मजल्याचा भाडेकरू तरी तिथलाच ठेवा."

मग तिने रोमन वक्ता सिसेरोचं इ. स. पू. 44 मधलं पत्र काढलं. मित्राला लिहितो, माझे दोन गाळे पडले, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा सोडून गेले. आणि पुढे? याला मी अडचणही म्हणत नाही. पुन्हा बांधून फायदा काढायचा बेत तयार.

"बिल्डर!" तिघे एकदम.

एवढ्यात टपरीवाल्याने हिशेब सांगितला, नऊ कटिंग, दोन क्रीमरोल. बापूंच्या जागी फक्त रिकामा ग्लास होता.

मंजिरी कट्ट्याला वाकून बघू लागली. "तडा कुठे गेलाय ते बघते."