स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे

2025च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण कागदपत्रं आणि सादरीकरणांसाठी झोहो या भारतीय कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायला लागल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात शिक्षण मंत्रालयानं आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचंच ऑफिस सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं आणि गृहमंत्री अमित शाह यांनी आपला ईमेल तिकडे नेला. त्याच ऑक्टोबरात जर्मनीच्या उत्तर टोकाच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं 40 हजारांहून अधिक सरकारी मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या उघड्या कोडच्या ईमेल सॉफ्टवेअरवर हलवल्याचं जाहीर केलं. मी इथं जर्मनीत सरकारी कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर सांभाळण्याचं काम करते. त्यामुळे दोन्ही बातम्या जोडून भारतातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला लिहिलं, "बघ, तुमच्याकडेही तेच चाललंय."

तेच चाललेलं नाही. फरक बारीक वाटतो, पण येत्या वीस वर्षांत आपल्या सरकारी कारभाराचं काय होणार हे त्याच फरकावर ठरेल. म्हणून हा लेख.

झोहो ही कर्तबगार भारतीय कंपनी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, बंद आहे. तो तुम्हाआम्हाला वाचता येत नाही, बदलता येत नाही आणि दुसऱ्या कंपनीला तो चालवायला घेता येत नाही. आपण एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेलो; दुसरा मालक आपल्या देशातला आहे, एवढंच. श्लेस्विग-होल्श्टाइननं जे घेतलं त्याचा कोड उघडा आहे. उद्या देखभाल करणारी कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिनं दर दुप्पट केले, तर तोच कोड, तीच माहिती घेऊन राज्य सरकार दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतं किंवा स्वतःची माणसं बसवू शकतं. कंपनी जर्मन आहे की नाही, हा तिथं दुय्यम प्रश्न आहे.

भारतातल्या चर्चांमध्ये मला दोनच प्रश्न ऐकू येतात: सॉफ्टवेअर कुणाचं, आणि केवढ्याला? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: सोडून जाता येईल का? माझ्या मते सरकारनं सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

सोडून जाता न येण्याची किंमत काय असते, हे भारतानं नुकतंच पाहिलं. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघानं नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा मोठा हिस्सा आहे. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. लायसन्सचे पैसे भरलेले असताना आपल्याच माहितीपर्यंत पोचता येईना, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. भारतातली कंपनी, भारतातलं काम; निर्णय ब्रसेल्सचा, कळ अमेरिकी कंपनीच्या हातात. या प्रसंगानंतर स्वदेशीची मागणी वाढली हे स्वाभाविक आहे. माझं म्हणणं एवढंच, की कळ एका परक्या हातातून काढून एका आपल्या हातात दिली तरी ती एकाच हातात राहते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. भारतात असताना मी एका सरकारी प्रकल्पावर होते. आधीच्या कंपनीचं पाच वर्षांचं कंत्राट संपलेलं, नवं आमच्या कंपनीला मिळालेलं. जुनी कंपनी अस्सल भारतीय होती. करारात 'सोर्स कोड विभागाला सुपूर्द करावा' असं कलमही होतं, आणि त्याप्रमाणे कोड सुपूर्दही झाला होता, एका डीव्हीडीवर. ती डीव्हीडी कपाटात कुलूपबंद होती आणि तिची नोंद रजिस्टरमध्ये होती. आम्ही ती उघडली तेव्हा कळलं की त्या कोडवरून सॉफ्टवेअर तयारच होत नाही. दोन लायब्ररी (सॉफ्टवेअरला लागणारे तयार कोडचे संच) त्या कंपनीच्या खासगी होत्या, त्या दिलेल्या नव्हत्या. प्रत्यक्ष सर्व्हरवर चालणारी आवृत्ती डीव्हीडीतल्या आवृत्तीपेक्षा पुढची होती. डेटाबेसमधल्या निम्म्या तक्त्यांचा कोडमध्ये पत्ताच नव्हता. चार महिने झगडून शेवटी विभागानं सगळं नव्यानं लिहायचं ठरवलं. लोकांच्या पैशातून तीच गोष्ट दोनदा विकत घेतली गेली, आणि त्यात बेकायदा काहीच घडलं नव्हतं. त्या डीव्हीडीमुळेच मी आज ही बाजू इतक्या आग्रहानं मांडते.

भारताकडे धोरण नाही असं नाही. 2010 मध्ये आपण ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण केलं. 2015 मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे उघड्या कोडच्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य देण्याचं धोरण आलं: निविदेत ओपन सोर्सचा विचार करण्याचं कलम सक्तीनं घालायचं आणि पुरवठादारानं ते वगळलं तर कारण द्यायचं. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचा कोड उघडा करून विभागांनी एकमेकांशी वाटून घ्यावा असंही ठरलं, त्यासाठी पुढे ओपनफोर्ज हे व्यासपीठ उभं राहिलं. इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते चकित होतात. स्वित्झर्लंडमध्ये संघीय प्रशासनानं स्वतः बनवलेल्या किंवा बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करावा हा कायदा लागू झाला 1 जानेवारी 2024 पासून. आपण नऊ वर्षं आधी त्या दिशेनं लिहून मोकळे झालो होतो. पण तिकडे तो कायदा आहे. कोड दाखवायचा नसेल तर तिसऱ्या पक्षाचे हक्क किंवा सुरक्षितता आड येते हे दाखवावं लागतं. आपल्याकडे कारण लिहिण्याचं कलम आहे, पण ते कारण तपासणार कोण? पुरवठादार एक ओळ लिहितो, फाइल पुढे सरकते.

याहून मला खटकतं ते असं. बंगळुरूच्या आयआयआयटीत 2018 मध्ये मोसिप हा प्रकल्प सुरू झाला: कोणत्याही देशाला आपली नागरिक-ओळख यंत्रणा उभारता यावी म्हणून बनवलेलं, पूर्णपणे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया ते वापरतात. आधारच्या अनुभवातून सुचलेली ही कल्पना आपण जगाला उघड्या कोडसकट दिली, आणि आधारची मूळ प्रणाली मात्र बंदच ठेवली. मोरोक्कोतला अभियंता आपल्या देशाची ओळखप्रणाली ज्या कोडवर उभी आहे तो वाचू शकतो. भारतातल्या अभियंत्याला ती सोय नाही. सुरक्षेसाठी कोड लपवावा लागतो, हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. अनेक बँका, शेअर बाजार आणि इंटरनेटचा मोठा भाग लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो, तिचा कोड जगातला कुणीही वाचतो. लपवायच्या असतात त्या चाव्या आणि नागरिकांची माहिती. कुलपाची रचना लपवून कुलूप मजबूत होत नाही.

आता जर्मनीबद्दल. हा देश या बाबतीत आदर्श आहे असं चित्र मी उभं करणार नाही, ते खोटं ठरेल. संघीय सरकार आजही मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टवर अवलंबून आहे. आणि म्युनिकची गोष्ट इथल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी काढतंच. म्युनिक महापालिकेनं 2003 मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. ते थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला आले होते. दहा वर्षांत जवळपास 15 हजार संगणक नव्या प्रणालीवर गेले. मग महापौर बदलले, तक्रारींचा सूर वाढला आणि 2017 मध्ये नगरपरिषदेनं पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला.

भारतात या गोष्टीचा उल्लेख 'बघा, ओपन सोर्स जमत नाही' अशा अर्थानं होतो. मी यावर काम केलेल्या लोकांशी बोलले आहे आणि मला जे दिसलं ते असं: सॉफ्टवेअर चालत होतं, भोवतालचं बदललेलं नव्हतं. परवाने, कर, नोंदणी यांसाठीची खास सॉफ्टवेअरं विंडोजसाठीच बनत राहिली. बाहेरून येणाऱ्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात येत राहिल्या. महापालिकेचा आयटीचा कारभार अनेक विभागांत विखुरलेला होता, त्यामुळे प्रिंटर बंद पडला तरी बोट लिनक्सकडे दाखवलं जाई. एक शहर एकट्यानं प्रवाहाविरुद्ध पोहत होतं. श्लेस्विग-होल्श्टाइननं यातून धडा घेतला. आधी लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर आणि खुलं फाइल स्वरूप, मग ईमेल, आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हात सगळ्यात शेवटी. तरीही मेल हलवताना कर्मचाऱ्यांनी भरपूर तक्रारी केल्या, आणि त्या खऱ्या होत्या. वीस वर्षं जी बटणं जिथं होती ती तिथून हलली की माणूस चिडतो. या चिडण्याला उत्तर प्रशिक्षणाचं आहे, त्यासाठी वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढावा लागतो.

हे केरळला फार आधी कळलं होतं. तिथल्या सरकारी शाळांनी 2000च्या दशकात आयटी@स्कूल प्रकल्पातून लिनक्स स्वीकारलं. ते टिकलं, कारण शाळेतल्या शिक्षकांनाच तयार केलं गेलं, मल्याळममधलं सॉफ्टवेअर सोबत दिलं गेलं आणि परीक्षाही त्यावरच घेतली गेली. सरकारं बदलली, पण प्रकल्प राहिला. म्युनिकचा दाखला देणाऱ्यांनी त्याच दमात केरळचाही द्यावा.

मराठी माणसाला तर बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणजे काय हे वेगळं समजवायलाच नको. युनिकोड हे अक्षरं साठवण्याचं सामायिक मानक रुळण्याआधीची कोणतीही मराठी फाइल उघडून बघा. प्रत्येक फॉन्ट कंपनीची सांकेतिक रचना वेगळी. 'क'च्या जागी संगणकात प्रत्यक्षात भलतंच रोमन अक्षर साठवलेलं. तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसायचं, फॉन्ट गेला की पानभर निरर्थक चिन्हं. शासनाचे आदेश, संस्थांची इतिवृत्तं, छोट्या प्रकाशकांची अख्खी पुस्तकं अशी अडकून पडली आहेत. फाइल हातात आहे, मजकूरही आत आहे, पण वाचता येत नाही. त्या कंपन्या देशीच होत्या! परदेशी कुणी आपली कोंडी केली नव्हती.

आणि सुटका कशानं झाली? खुल्या मानकानं आणि उघड्या कोडनं. हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर किंवा फायरफॉक्समध्ये वाचत असाल, तर यातलं प्रत्येक जोडाक्षर हार्फबझ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर जुळवतं आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण दिसते आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. हे सगळं त्याला ठाऊक आहे, कारण आपल्या लिपी जाणणाऱ्या लोकांना त्यातल्या चुका दाखवता आल्या. एखाद्या बंद कंपनीनं 'मराठीची बाजारपेठ लहान आहे' म्हणून ती चूक वर्षानुवर्षं तशीच ठेवली असती. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' हा फॉन्ट खुल्या परवान्यावर कुणालाही वापरता येतो. ही आपली मिळकत आहे आणि ती कुणीही काढून घेऊ शकत नाही.

मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे वेगवेगळे शब्द आहेत, तरी व्यवहारात आपण ते एकच समजतो. उद्योगांच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. आपल्या आयटी कंपन्यांचा सगळा डोलारा ओपन सोर्सवर उभा आहे, पण घेतलं तितक्या प्रमाणात परत करण्याची सवय फार थोड्यांना आहे. 2014 मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा कळलं, की निम्म्या इंटरनेटचं कुलूप सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत घातलेला चोरदरवाजा सापडला. ती लायब्ररी एकच थकलेला माणूस सांभाळत होता. कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस बनून त्याचा विश्वास कमावला आणि मग घात केला. चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याला खटकलं म्हणून. कोड उघडा होता म्हणून तो खोलात जाऊ शकला. पण अशा एकेकट्या माणसांच्या खांद्यावर जगाचा कारभार टाकणं योग्य नाही.

या बाबतीत जर्मनीनं केलेली गोष्ट आपण लगेच उचलावी. 2022 मध्ये इथल्या सरकारनं सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. रस्ता-पूल दुरुस्त करावेत तसे कर्ल, लॉगफॉरजे यांसारखे पायाभूत प्रकल्प सांभाळण्यासाठी तो पैसे देतो. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोमला 10 लाख युरो मिळाले. भारतात हे काम आजवर एका खासगी कंपनीनं मनावर घेतलं आहे: शेअर दलाली करणाऱ्या झिरोधानं 2024 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. सरकारनं लायसन्सवर वाचवलेल्या रकमेतला काही वाटा दरवर्षी अशा देखभालीला दिला, तर देशातल्या तरुण अभियंत्यांना नोकरीही मिळेल आणि आपण वापरतो ते सॉफ्टवेअर आतून जाणणारी माणसंही तयार होतील. मनुष्यबळ जर्मनीपेक्षा आपल्याकडे कितीतरी जास्त आहे. इथं माझ्या विभागात जागा रिकाम्या पडून असतात.

निविदा लिहिणारा एखादा अधिकारी हे वाचत असेल, तर माझी विनंती एका कलमापुरती आहे. कोड कंत्राटाच्या शेवटी सुपूर्द करून घेऊ नका. पहिल्या दिवसापासून तो विभागाच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत (कोडच्या भांडारात), खुल्या परवान्यासह लिहिला जावा. प्रत्येक बिलाआधी कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्या अभियंत्यानं कोऱ्या यंत्रावर त्या कोडपासून सॉफ्टवेअर उभं करून दाखवावं. ते उभं राहिलं तरच बिल मंजूर करा.